मालगाडीचा ताप

आगगाडीचा नाद लागलेल्या माणसाला औषध नाही. चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केल्यानंतर हे मी जबाबदारीने लिहीत आहे. दारू सुटलेली मी पाहिली आहे, तंबाखू सुटलेली पाहिली आहे. पण इंजिनाचा आवाज कानी पडताच भरल्या ताटावरून उठून खिडकीशी जाणारा माणूस बरा झालेला मला अजून भेटावयाचा आहे. आपल्या समाजात तर ही लागण जुनीच. आपल्या वाडवडिलांनी कोकणातील तेलाचे घाणे सोडून मुंबईची वाट धरली तेव्हा कोणी पलटणीत गेले, कोणी पोस्टात, आणि बरेच जण रेल्वेत. माझे वडील त्यांपैकीच. ते कल्याणला मालगाडीवर गार्ड होते.

आमच्या दिमोनातही असे चार-पाच रुग्ण आहेत. त्यांचे एक बरे आहे, की गावाजवळूनच मालगाड्यांचा मार्ग जातो. नेगेवमधले फॉस्फेट आणि मृत समुद्राकाठचे पोटॅश या मार्गाने अश्दोद बंदराकडे जाते. पोटॅशची गंमत अशी, की ते आधी १८ किलोमीटर लांबीच्या फिरत्या पट्ट्यावरून डोंगर चढून वर येते आणि मगच वाघिणीत पडते. माझा भाचा बेर-शेवाला संगणकाच्या कचेरीत काम करतो, पण सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन या रुळांच्या कडेला उभा असतो. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, इथल्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आणि तिसरे आमचे ड्रायव्हरमामा. नात्याने ते कोणाचेच मामा नाहीत, पण सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. वय ८४. कसारा घाटात गाडीच्या मागे लावायच्या बँकर इंजिनावर त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि ज्या जुन्या विजेच्या इंजिनाला रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत, ते चालवल्याचा त्यांना आजही अभिमान आहे.

ही मंडळी गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी शब्बाथ उतरल्यावर माझ्या घरी जमली. टीव्हीवर अमेरिकेतील मालगाड्यांवरचा एक माहितीपट होता. बोलणे इंग्रजी, खाली हिब्रू अक्षरे. माझा टीव्ही मोठा आणि चहा बरा, म्हणून बैठक माझ्याकडे. मीही बसले. गार्डाची मुलगी असल्यामुळे एवढा मान मला मिळतो.

माहितीपट पाहण्यासारखा होता, यात शंका नाही. आपल्याला रेल्वे म्हटले की माणसांनी भरलेली गाडी आठवते. अमेरिकेत रेल्वे म्हणजे मुख्यतः माल. तिथले रूळ सरकारचे नसून बहुतेक खासगी कंपन्यांच्या मालकीचे आहेत. हे जाळे सुमारे १,४०,००० मैलांचे, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटरचे आहे. उतारूंच्या लांब पल्ल्याच्या गाड्या १९७१ पासून ॲमट्रॅक चालवते, पण बऱ्याच ठिकाणी ती या मालवाल्यांच्या रुळांवरची पाहुणी असते. १९८० साली स्टॅगर्स कायदा झाला, दर ठरवण्याचे बंधन सैल झाले, आणि डबघाईला आलेल्या कंपन्या पुन्हा पैसा मिळवू लागल्या. पडद्यावर वायोमिंगच्या खाणीतून कोळशाच्या शंभराहून अधिक वाघिणी एकामागून एक निघाल्या. कंटेनरवर कंटेनर रचलेल्या, दुमजली चाळीसारख्या गाड्या वाळवंटातून वळण घेत गेल्या. पुढे तीन इंजिने, मध्ये दोन, शेवटी एक. आणि मधल्या व शेवटच्या इंजिनांत ड्रायव्हरच नाही! पुढच्या माणसाने दांडा हलवला की रेडिओवरून मागची इंजिनेही त्याचे ऐकतात. गाडीची लांबी तीन किलोमीटरहून जास्त.

भाच्याचे डोळे लकाकत होते. “मामा, तुमच्या घाटात मागे तीन बँकर लावायचे ना? प्रत्येकावर वेगळा ड्रायव्हर, आणि बोलायचे शिट्ट्यांनी. इथे बघा, एक माणूस सहा इंजिने चालवतो.”

मामांनी बशीत ओतलेला चहा संपवला आणि विचारले, “शेवटी कोण आहे?”

“शेवटी कोणी नाही. एक डबी आहे.”

ती डबी पडद्यावर आलीच. शेवटच्या वाघिणीच्या कपलिंगला अडकवलेली, लुकलुकत्या लाल दिव्याची. ब्रेकच्या नळीत हवा किती आहे हे ती पुढे ड्रायव्हरला कळवते. पूर्वी अमेरिकेत मालगाडीच्या शेवटी कॅबूस नावाचा डबा असे. त्यात कंडक्टर आणि ब्रेकमन बसत. कंडक्टर म्हणजे तिकीट फाडणारा नव्हे. आपल्या गार्डाच्या हुद्द्याचा, गाडीचा धनी. कॅबूसच्या टपावरच्या काचेच्या खोलीतून पुढच्या सबंध गाडीवर नजर ठेवता येई. १९८० नंतरच्या दशकात हे डबे झपाट्याने गेले. जुन्या काळी गाडीवर पाच माणसे असत. आता दोन उरली, ड्रायव्हर आणि कंडक्टर, आणि दोघेही पुढे.

इथून आमच्याकडे वादाला तोंड फुटले. मामांचे म्हणणे, ज्या गाडीच्या शेपटीला माणूस नाही ती गाडी आंधळी. भाऊ त्यांच्या बाजूचा. भाचा एकटा पडला, पण डगमगला नाही. त्याने विचारले, “तुम्हाला जुने दिवस हवेत, म्हणजे नक्की कोणते? बोटे तुटायची ते?”

आणि त्याने सांगितलेला इतिहास ऐकून, वाचकहो, मी त्याच्या बाजूला गेले. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात अमेरिकेत दोन वाघिणी जोडायच्या त्या कडी आणि खिळ्याने. एक वाघीण उभी, दुसरी तिच्यावर येत आहे, आणि मध्ये उभा राहून ब्रेकमनने कडी धरून खिळा घालायचा. क्षणाचा फरक पडला की बोटे गेली, कधी हात, कधी जीव. ब्रेक लावायचा तर चालत्या गाडीच्या टपावरून पळत एकेका वाघिणीचे चाक पिळायचे. पावसात, बर्फात, रात्री. जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट १८६९ साली घेतले. ईलाय जॅनीने आपोआप अडकणाऱ्या कपलिंगचे पेटंट १८७३ साली घेतले. उपाय हाताशी होते, पण मालगाड्यांना ते लावायला कंपन्यांना खर्च जड वाटत होता. आयोवातील लोरेन्झो कॉफिन नावाच्या एका शेतकऱ्याने एका ब्रेकमनची बोटे तुटलेली पाहिली आणि त्या गोष्टीचा ध्यास घेतला. त्याने सभा घेतल्या, पत्रे लिहिली, जो भेटेल त्याला पिडले. अखेर १८९३ साली कायदा झाला, की गाड्यांना हवेचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलिंग लावलेच पाहिजे.

चिरडलेली बोटे मी धुतली आहेत, बांधली आहेत. अशा माणसाची पहिली शुद्ध आली की तो आधी हाताकडे बघतो आणि मग आपल्याकडे. म्हणून मी मामांना स्पष्ट सांगितले, की ज्या यंत्राने माणसाचा हात वाचवला त्या यंत्राला मी नावे ठेवणार नाही. मामा म्हणाले, “अगं, मी कुठे ठेवतो? मी एवढेच विचारतो, की हात वाचला ते ठीक. पण नंतर माणूसच काढून टाकला, तो कोणासाठी वाचवला?”

हा प्रश्न मला चिवड्यापेक्षा जास्त वेळ चघळावा लागला.

गाडीच्या शेवटी बसून माणूस करतो काय, असे पुष्कळांना वाटते. माझ्या वडिलांना आम्ही मुलेही विचारत असू. ते म्हणत, “वास घेतो.” आम्हाला ती थट्टा वाटे, पण ते खरेच होते. वाघिणीच्या चाकाचा आस ज्या पेटीत फिरतो ती तापली, तर आधी जळक्या तेलाचा वास येतो, मग धूर, मग ठिणग्या. वळणावर गाडी वाकली की गार्ड आपल्या डब्याच्या सज्जात येऊन पुढच्या वाघिणींकडे पाहतो ते यासाठी. रेल्वेत याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात. वेळीच दिसला तर ती वाघीण काढून बाजूला ठेवता येते. नाही दिसला तर आस तुटतो, आणि मग गाडी रुळांवर राहत नाही.

अमेरिकेत हे काम आता रुळांकडेला बसवलेली यंत्रे करतात. गाडी जाताना प्रत्येक बेअरिंगची उष्णता ती दुरूनच मोजतात आणि रेडिओवर बोलून ड्रायव्हरला सांगतात, की दोष नाही, जा. माहितीपटात हे यंत्र मोठ्या कौतुकाने दाखवले. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “आणि ओहायोचे काय?” भाच्याने मान खाली घातली. त्याला सगळे आकडे पाठ होते, आणि प्रामाणिकपणे त्याने ते सांगितले.

३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाईन या लहान गावात नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी घसरली. १४९ वाघिणींची गाडी. तिच्यातल्या एका वाघिणीचे बेअरिंग तापत चालले होते. वाटेत तीन ठिकाणी यंत्रांनी त्याचा ताप मोजला. हवेच्या तापमानापेक्षा ते किती जास्त आहे, तो आकडा फॅरनहाइटमध्ये असा: पहिल्या ठिकाणी ३८, तिथून सुमारे १० मैलांवर १०३, आणि त्यापुढे सुमारे २० मैलांवर २५३. कंपनीच्या नियमाप्रमाणे १७० च्या पुढे गेल्याशिवाय गाडी थांबवून तपासायची नव्हती. १०३ हा आकडा १७० पेक्षा कमी, म्हणून गाडी पुढे गेली. २५३ ला यंत्राने इशारा दिला तेव्हा उशीर झाला होता. ३८ वाघिणी घसरल्या. त्यांपैकी पाच टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड नावाचा विषारी वायू भरलेला होता. टाक्या फुटतील या भीतीने ६ फेब्रुवारीला तो मुद्दाम बाहेर सोडून जाळण्यात आला, आणि गावावर काळा ढग उभा राहिला. पुढे जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती सांगितले, की ते जाळण्याची गरजच नव्हती.

हे आकडे ऐकले आणि माझ्यातली परिचारिका जागी झाली. आमच्या शिक्षणात पहिल्या वर्षीच शिकवतात, की तापाचा तक्ता वाचताना नुसता आकडा वाचायचा नाही, चढ वाचायचा. सकाळी ९८, दुपारी १००, संध्याकाळी १०२ असलेल्या रोग्याकडे मी ‘अजून १०४ झाला नाही’ म्हणून पाठ फिरवीन काय? दोन आकडे शेजारी ठेवले की तिसरा काय येणार हे कळते. ३८ वरून १०३ वर गेलेले बेअरिंग ओरडून सांगत होते. दुसरी गोष्ट, यंत्र दुरून मोजते ते बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाचा ताप. आत त्याहून जास्त असतो, हेही त्या चौकशीत निघाले. काखेतला ताप आणि पोटातला ताप यांत फरक असतो, हे आमच्याकडे शिकाऊ मुलीलाही ठाऊक असते. यंत्र खोटे बोलले नाही. त्याला जे विचारले त्याचे त्याने उत्तर दिले. पण तो तक्ता हातात घेऊन ‘हे काही बरे लक्षण नाही’ म्हणणारे कोणी तिथे हवे होते.

भाचा म्हणाला, “आत्या, हे संगणकालाही शिकवता येते. चढ बघ म्हणावे.” येते, आणि शिकवावेच. माझे भांडण त्याच्याशी नाही. पण आकड्याची मर्यादा १७० ठरवायची की १००, हे संगणक ठरवत नाही. मर्यादा खाली आणली की गाड्या जास्त वेळा थांबतात आणि उशीर होतो. ते ठरवणारी माणसेच असतात, आणि ती गाडीवर नसतात.

मग विषय माणसांवर आला, आणि मला माझ्या लहानपणीचा कॉलमन आठवला. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ज्यांचे बालपण गेले त्यांना तो आठवेल. रात्री दोन वाजता दारावर काठी आपटायची, वही पुढे करायची, कंदिलाच्या उजेडात वडिलांनी सही करायची. तोवर आईने स्टोव्ह पेटवलेला असे. लाल-हिरव्या काचांचा दिवा, झेंड्या, रुळावर ठेवायचे फटाके असे सगळे पेटीत भरून वडील निघत. मालगाडीला वेळापत्रक नसते. आज रात्री गेलेला माणूस परवा दुपारी येई. मात्र अंगात ताप असला तर वडील दवाखान्यात जात, डॉक्टर ‘सिक’ लिहून देत, आणि मग कॉलमन दुसऱ्या दारी जाई. बरे झाल्यावर ‘फिट’चा कागद आणायचा. तेवढे दिवस पगार चालू. या गोष्टीत विशेष काही आहे असे आम्हाला कधी वाटले नाही.

म्हणून अमेरिकेतील हकिकत ऐकून मी भाच्याला दोनदा विचारले, की तू नीट वाचलेस ना? २०२२ साली तिथल्या रेल्वेच्या १२ कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात तंटा झाला. कामगार सुमारे १,१५,०००. भांडण पगाराचे होतेच, पण अडले ते आजारपणाच्या पगारी रजेवर. गाडीवरच्या माणसांना असे दिवस जवळजवळ नव्हतेच. बीएनएसएफ या मोठ्या कंपनीने त्याच वर्षी हजेरीची एक पद्धत काढली होती. प्रत्येकाच्या खात्यावर ३० गुण. बोलावल्यावर आला नाहीस की गुण कापले, शनिवार-रविवार किंवा सणाचा दिवस असला तर जास्त कापले. गुण संपले की शिक्षा. बोलावणे कधी येईल ते ठाऊक नाही, आले की दीड-दोन तासांत हजर. कायद्याने एका वेळी १२ तास काम आणि मग १० तास विश्रांती आहे. पण विश्रांती कधी सुरू होणार हेच माहीत नसेल, तर माणूस झोपेल कधी, आणि डॉक्टरची वेळ घेईल कशी?

संप झाला तर देश अडेल, म्हणून प्रश्न अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. वर्षाला सात दिवसांची पगारी रजा द्यावी या सूचनेला सिनेटमध्ये ५२ मते पडली, विरुद्ध ४३. पण ६० हवी होती. रजा बारगळली. पाच वर्षांत मिळून २४ टक्के पगारवाढ असलेला करार कायद्याने लागू झाला, आणि राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी २ डिसेंबर २०२२ रोजी त्यावर सही केली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की पुढे २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकेका संघटनेशी बोलणी करून पुष्कळ कामगारांना काही दिवसांची पगारी रजा दिली. म्हणजे देता येत होती.

त्याच २०२२ साली तिथल्या रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या सर्फेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी जाहीरपणे सांगितले होते, की मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत सुमारे ४५,००० माणसे, म्हणजे २९ टक्के, कमी केली आहेत. आता हिशेब कळतो. गाडी दुप्पट लांब केली की ड्रायव्हर निम्मे लागतात. पण राहिलेल्यांपैकी एक जरी तापाने पडला, तर बदली द्यायला माणूस नसतो. मग ताप हाच गुन्हा ठरतो. आमच्या धंद्यात मी हे पाहिले आहे. परिचारिका कमी असलेल्या रात्री कोणी आजारी पडू नये अशी प्रार्थना करतात, आणि ती रोग्यांसाठी नसते.

मामा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी लाक-मेगांतिकची गोष्ट काढली. ती कॅनडातील आहे, पण गाडी त्याच घराण्यातली. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या, पाच इंजिने आणि गाडीवर माणूस एकच. ५ जुलै २०१३ च्या रात्री त्याने गाडी गावावरच्या उतारावर उभी केली, सात हातब्रेक पिळले, एक इंजिन चालू ठेवले आणि तो झोपायला गेला. त्या इंजिनाला आग लागली. बंबवाले आले, त्यांनी आग विझवली आणि रीतीप्रमाणे इंजिन बंद केले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणे बंद. इंजिनांच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळत गेली. मध्यरात्रीनंतर गाडी आपणहून सुटली, अकरा-बारा किलोमीटर उतरत आली आणि ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने गावाच्या मध्यावर उलटली. ४७ माणसे गेली. चौकशीत निघाले, की ती गाडी धरून ठेवायला किमान १७, कदाचित २६ हातब्रेक पिळावे लागले असते. खटला मात्र चालला तो ड्रायव्हर आणि दोन कर्मचाऱ्यांवर. २०१८ च्या जानेवारीत तिघेही निर्दोष सुटले. चौकशी मंडळाने एका माणसावर बोट ठेवले नव्हते, १८ कारणे दिली होती.

“घाटात आम्हाला पहिला धडा हाच,” मामा म्हणाले. “उतारावरची गाडी हवेच्या भरवशावर सोडायची नाही. ब्रेक पिळायचे, चाकाखाली लाकडी पाचर मारायची. ड्रायव्हरने पिळले ते गार्डाने बघायचे, गार्डाने बघितले ते ड्रायव्हरने विचारायचे. त्या बिचाऱ्याला विचारायला कोण होते?”

माहितीपटात पुढे काय दाखवले ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

भाच्याची बाजू मी झाकणार नाही, कारण ती खोटी नाही. एक लांब मालगाडी शेकडो ट्रक रस्त्यावरून कमी करते. डिझेल ट्रकपेक्षा खूपच कमी जळते. ट्रकच्या रस्त्यावर माणसे रोज मरतात, त्यांची बातमीही होत नाही. रेल्वेचे अपघात १९८० च्या मानाने पुष्कळ कमी झाले आहेत, आणि त्यात यंत्रांचा वाटा मोठा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रेल्वे खात्याने मालगाडीवर, काही अपवाद सोडल्यास, किमान दोन माणसे असावीत असा नियमही जाहीर केला. त्याला एवढेच म्हणायचे होते, की नव्या गाड्यांचे कौतुक करण्यात पाप नाही. नाहीच मुळी. मलाही त्या दुमजली गाड्या पाहून मौज वाटली.

पण मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यावयाचे आहे. १८९३ च्या कायद्याने जे यंत्र आणले त्याने काम करणाऱ्याचा हात वाचला, आणि मालकाचा खर्च वाढला. तरी ते आणले, कारण एका शेतकऱ्याने कोणाला स्वस्थ बसू दिले नाही. अलीकडे जे आणले त्याने मालकाचा खर्च वाचला, आणि उरलेल्या माणसाची झोप गेली. दोन्हींना आपण ‘सुधारणा’ म्हणतो. यंत्र चांगले की वाईट, असे विचारून उपयोग नाही. त्याने वाचवले ते कोणाचे, आणि जे वाचले त्यातला वाटा थकलेल्या माणसाला विश्रांती म्हणून मिळाला का, हे विचारावे. गाडी तीन किलोमीटर लांब करता येते. माणसाची रात्र तेवढी लांब करता येत नाही.

माहितीपटवाल्यांनी वाघिणी मोजल्या, टन मोजले, मैल मोजले. इंजिनाची तब्येत दाखवली, त्याचे तेल बदलताना दाखवले, दर किती दिवसांनी तपासणी होते तेही सांगितले. त्या दोन माणसांची तपासणी किती दिवसांनी होते, याला तासाभरात एक मिनिट मिळाले नाही. हे मी रागाने लिहीत नाही. कॅमेऱ्याला इंजिन मोठे दिसते, माणूस लहान दिसतो. त्याला इलाज नाही. म्हणून ते काम आपल्यालाच करावे लागते.

आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरात कोणी ना कोणी गार्ड, ड्रायव्हर, फिटर, सिग्नलवाला होऊन गेला असेल. कुर्ल्याला, कल्याणला, इगतपुरीला, अजमेरला. त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना या हिवाळ्यात जवळ बसवा आणि विचारा. इंजिनाचा नंबर विचारू नका, तो ते आपणहून सांगतीलच. रात्री किती वाजता बोलावणे यायचे, ताप असताना काय करायचे, डोळा लागू नये म्हणून काय करीत, हे विचारा आणि लिहून ठेवा. मामांचे मी लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत दोन वह्या भरल्या, आणि गाडी अजून कसाऱ्यालाच उभी आहे.